प्लॉट घेताना आधी नाली पाहा



दसरा-दिवाळी जवळ आली की प्लॉटच्या जाहिराती सुरू होतात. 'एनएटीपी, आरएल मंजूर लेआउट', 'हप्त्याची सोय', 'आज इसार, उद्या रजिस्ट्री'. शहराच्या चारी बाजूंना शेते पडतात, मुरूम टाकला जातो आणि चुन्याच्या रेघा ओढल्या जातात. आपल्या वस्तीतली कितीतरी घरे या दिवसांत हिशेब मांडून बसलेली असतात. भविष्य निर्वाह निधीचे पैसे, बचत गटाचे कर्ज, घरातल्या बाईची चेन, सगळे एका जागी गोळा होते. महिला मंडळाच्या बैठकीत बाया आम्हाला विचारतात, "सिस्टर, सातबारा पाहिला, रस्ता तीस फुटी आहे, लाइटचे खांब आलेत, विहाराला जागा पण ठेवलीय म्हणे. आणखी काय पाहायचं?"

आम्ही सांगतो, नाली पाहा. संडासाचे पाणी कुठे जाणार आणि पावसाचे पाणी कुठे जाणार, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. विकणाऱ्याने दोन्हींचे उत्तर एकच दिले, तर इसार देऊ नका.

बाबासाहेबांनी खेडे सोडून शहराकडे या असे आपल्या लोकांना सांगितले. आपले आजे-पणजे आले, पण शहराने त्यांना जागा दिली ती नाल्याच्या काठाची आणि रेल्वेच्या कडेची. आता तिसरी पिढी स्वतःच्या पैशाने प्लॉट घेऊ लागली आहे. पैसे मोजूनही पुन्हा नाल्याचाच काठ पदरात पडत असेल तर तो फसवणुकीचा सौदा आहे, आणि त्याचा हप्ता घरातले लेकरू आपल्या पोटाने फेडते. म्हणून या महिन्याचे आरोग्य पान औषधगोळ्यांवर नाही, नालीवर आहे.

पाणी दोन प्रकारचे असते. एक घरातून निघते. त्यात संडासाचे, न्हाणीचे, मोरीचे आणि कपड्यांचे पाणी येते. ते बंद पाइपातून, जमिनीखालून गेले पाहिजे. त्या पाइपाला मलवाहिनी म्हणतात, आपल्याकडे तिला गडर लाइन म्हणतात. दुसरे पाणी आभाळातून पडते. छप्पर, अंगण आणि रस्त्यावरून ते वाहते. त्याच्यासाठी पावसाळी नाली वेगळी लागते. दोघांचे घर वेगळे का, हे एकदा आकड्यांत समजून घेऊ, कारण प्लॉटवाला इथेच आपल्याला गुंडाळतो.

एक एकराचे लेआउट धरा. रस्ते आणि मोकळी जागा सोडून त्यात हजार फुटांचे साधारण पंचवीस प्लॉट बसतात. घरटी पाच माणसे म्हणजे सव्वाशे माणसे झाली. गटार योजना करताना इंजिनियर माणशी रोज 135 लिटर पाणीपुरवठा धरतात आणि त्यातले सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर येते असे मानतात, म्हणजे माणशी 108 लिटर. सव्वाशे माणसांचे दिवसाचे झाले साडेतेरा हजार लिटर. सकाळी सहा ते आठ सगळ्यांची घाई असते, म्हणून सरासरीच्या तिप्पट पाणी एका तासात येईल असे धरून पाइप ठरवतात. तरी तासाला सतराशे लिटरच्या आसपासच होते.

आता पाऊस. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. एकर म्हणजे सुमारे चार हजार चौरस मीटर. तासाभरात 25 मिलिमीटर पाऊस झाला, आणि तसा तर मृगापासून कितीदा होतो, तर त्या एका एकरावर एक लाख लिटर पाणी पडते. थोडे जमिनीत मुरले असे धरून चौथा हिस्सा सोडा, तरी 75 हजार लिटर वाहत येते. घराघरातून साडेपाच दिवसांत जेवढे सांडपाणी निघते, तेवढे पाणी पाऊस एका तासात आणतो. सकाळच्या गर्दीच्या तासाशी तोलले तर चाळीसपटीहून जास्त.

सांडपाण्यासाठी घातलेल्या सहा इंची पाइपात हे मावणार कसे? मावत नाही. लोक गच्चीचा पाइप गडरच्या चेंबरमध्ये सोडतात, पहिला जोराचा पाऊस येतो, चेंबर भरते आणि पाणी मागे फिरते. मग ते सगळ्यात खालच्या घराच्या संडासाच्या भांड्यातून वर येते. ज्याने पाइप जोडला त्याच्या घरात ते येत नाही, कारण त्याचे घर उंचावर असते. उलट प्रकारही तितकाच वाईट आहे. गडर लाइन नसली की संडासाचा पाइप पावसाळी नालीत सोडतात. मग उघड्या नालीत बारा महिने मैला वाहतो, उन्हाळ्यात तो साचतो आणि पावसात रस्त्यावर येतो. लेकरे त्याच पाण्यात कागदाच्या होड्या सोडतात.

नागपूरकरांना 23 सप्टेंबर 2023 ची पहाट विसरता येणार नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठची घरे पाण्याखाली गेली. घरात शिरले ते नुसते पावसाचे पाणी नव्हते. नाग नदीत शहराचे सांडपाणी जाते, हे आपण सगळे जाणतो. हीच नदी पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. आपल्या संडासातले पाणी आपण नालीत सोडले म्हणजे ते संपले असे होत नाही. ते भंडाऱ्याकडच्या कोणाच्या तरी घागरीकडे निघालेले असते.

आता उताराचे. गटारात पंप नसतो, पाणी उतारानेच जाते. उतार असा हवा की पाण्याचा वेग सेकंदाला निदान दोन फूट राहील. तेवढ्या वेगात मैला आणि वाळू पाण्याबरोबर वाहून जातात. वेग कमी झाला की पाणी पुढे जाते, मैला मागे बसतो आणि लाइन तुंबते. घरातून बाहेर येणाऱ्या चार इंची पाइपाला दहा फुटांत तीन इंच उतार द्यावा, हा जुन्या मिस्त्र्यांचा हिशेब आजही चांगला आहे. रस्त्याखालच्या सहा-आठ इंची लाइनला शंभर फुटांत निदान सात इंच धरा.

हे सात इंच ऐकायला थोडे वाटतात. पण लेआउट सहाशे फूट लांब असेल तर पाइप शेवटाला साडेतीन फूट खाली गेलेला असतो. सुरुवातच तीन फूट खोलीवर केली असेल तर शेवट साडेसहा फुटांवर. आता ज्या सरकारी लाइनला ती जोडायची, ती पाच फुटांवरच असली तर? जोडताच येत नाही. म्हणून गटाराचे काम शेवटच्या टोकापासून ठरवतात. आधी पाणी सोडायची जागा, तिची खोली, मग मागे मागे येत घरापर्यंत. आम्ही पाहिलेल्या बहुतेक गुंठेवारी वस्त्यांत नेमके उलटे झाले आहे. ज्याने घर आधी बांधले त्याने आपल्या दारापुढे आपल्या मर्जीच्या पातळीवर नाली बांधली. शेजाऱ्याने चार इंच उंच बांधली. तिसऱ्याने मुरूम टाकून अंगण वाढवले. दहा घरांच्या दहा नाल्या, आणि पाणी मात्र मधल्याच दोन घरांपुढे उभे. मग त्या दोन घरांच्या बायांची रोज भांडणे. भांडणात चूक दोघींचीही नसते. कामाच्या आधी कोणी लेव्हल काढली नाही, ही खरी चूक.

चेंबरचेही तेच. लाइन जिथे वळते आणि जिथे दोन लाइनी मिळतात, तिथे चेंबर हवेच. सरळ लाइनीतही दर तीस मीटरला, म्हणजे शंभर फुटांना एक हवे. विकासक खर्च वाचवायला चेंबर गाळतो. तुंबले की बांबू-सळईने पोचता येत नाही, मशीनची नळी वळणात अडते, आणि मग कोणीतरी म्हणतो, "माणूस उतरवा."

इथे थोडे थांबू. आपल्या काही बांधवांना वाटते, धम्माच्या मासिकात गटाराचा विषय कशाला. विनयपिटकाचा चुल्लवग्ग उघडून पाहावा. भिक्खूंच्या स्नानगृहात पाणी साचून चिखल होऊ लागला तेव्हा पाणी वाहून जायला नाली करण्याची अनुज्ञा तथागतांनी दिली, असे त्यात नोंदलेले आहे. शौचकूप कसा वापरावा, घाण झाला असेल तर कोणी स्वच्छ करावा, याचे नियम तिथे आहेत. आणि ज्येष्ठ-कनिष्ठ न पाहता जो आधी आला त्याने आधी जावे, हाही नियम आहे. संघाने हे काम खालच्या कोणावर ढकलले नाही. ढकलण्याची रीत जातीने आणली.

आणि माणूस उतरवतात तेव्हा तो कोणाच्या घरचा असतो, हे आपल्याला सांगावे लागत नाही. गटारात आणि सेप्टिक टाकीत मैला कुजून हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असे उतरणाऱ्याला वाटते, आणि पुढच्या काही श्वासांत तो कोसळतो. वरचा माणूस त्याला काढायला उडी मारतो, तोही जातो. अशा बातम्यांत मेलेल्यांचा आकडा कित्येकदा दोन किंवा तीन असतो, तो यामुळे. कोणी आत पडले तर उतरू नका. झाकणे उघडी करा, लोकांना बाजूला करा, 101 वर अग्निशमन दलाला बोलवा.

2013 च्या कायद्याने गटार किंवा सेप्टिक टाकी साफ करायला माणसाला संरक्षक साधनांशिवाय उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा ठेकेदाराला लागू होतो, तसा घरमालकाला आणि सोसायटीलाही होतो. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अशा मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली होती, ती ऑक्टोबर 2023 मध्ये तीस लाख केली. हे आम्ही इथे सांगतो कारण मृताच्या घरच्यांना लाख-दोन लाख देऊन कागदावर अंगठा घेण्याचे प्रकार होतात. पण भरपाई ही मागची गोष्ट झाली. लाइनला उतार आणि चेंबर नीट असतील तर बहुतेक तुंबण्याची वेळच येत नाही, आणि आली तर मशीनने काम होते. लेआउटच्या नकाशावर चुकलेला उतार पुढे कोणाच्या तरी मुलाला मॅनहोलमध्ये उतरवतो, म्हणून आम्ही नकाशापासून भांडा म्हणतो.

जिथे गडर लाइन नाही तिथे सेप्टिक टाकी येते. पाच माणसांच्या घराला आतून निदान पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची सव्वातीन फूट खोली असलेली टाकी लागते. तिला तळ हवा, चारी बाजूंनी प्लास्टर हवे, झाकण पक्के हवे आणि दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून ती उपसायला हवी. आपल्याकडे काय करतात? तळच घालत नाहीत. "आमची टाकी पंधरा वर्षांत भरली नाही," असे अभिमानाने सांगतात. भरली नाही म्हणजे मैला जमिनीत गेला, आणि वीस फुटांवर शेजाऱ्याची बोअरवेल आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी दिसायला पातळ असले तरी शुद्ध झालेले नसते, जंतू त्यात असतातच. ते उघड्या नालीत सोडायचे नसते, शोषखड्ड्यात सोडायचे असते. शोषखड्डा विहीर-बोअरपासून साठ फूट तरी लांब ठेवावा. आता हजार फुटांच्या प्लॉटवर, चारी बाजूंना तसेच प्लॉट असताना साठ फूट आणायचे कुठून? त्यात विदर्भातली काळी माती. ती पावसात फुगते आणि पाणी पिण्याचे थांबवते. जुलै-ऑगस्टमध्ये शोषखड्डा काठोकाठ भरलेला असतो. थोडक्यात, दाट वस्तीच्या लहान प्लॉटांना काळ्या मातीत सेप्टिक टाकी हा तात्पुरता इलाज आहे. "सध्या टाकी करा, गडर लाइन येईल नंतर," असे विकणारा म्हणाला तर नंतर म्हणजे कोणत्या वर्षी आणि कोणाच्या खर्चाने, ते लिहून मागा.

टाकीच्या हवेच्या पाइपाला वर बारीक जाळी बांधा. काम पन्नास रुपयांचे आहे. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास घाण पाण्यात वाढतो, टाकीत आणि साचलेल्या नालीत. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. विदर्भातल्या जिल्ह्यांत हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायची मोहीम का घ्यावी लागते, त्याचे एक उत्तर आपल्या दारापुढच्या नालीत आहे. डेंग्यूचा डास वेगळा. तो स्वच्छ साचलेल्या पाण्यातला, त्याच्यासाठी ड्रम आणि कूलर पाहा.

वॉर्डात काम करताना पावसाळ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आम्हाला केसपेपरवरचा पत्ता वाचूनच आजार ओळखता यायचा. जुलाब, टायफॉइड, कावीळ. कावीळीत हिपॅटायटिस ई हा प्रकार मैल्याने दूषित पाण्यातून येतो. इतरांना तो बहुधा सोसतो, पण शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईच्या जिवावर बेततो. घरात गरोदर सून-लेक असेल आणि नळाला वास येत असेल तर तिचे पाणी त्याच दिवसापासून उकळून द्या. खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे.

नळात ही घाण येते कशी, हेही लेआउटमध्येच दडलेले आहे. पिण्याच्या पाण्याची लाइन आणि गडर लाइन एकाच चरात टाकायची नसते. दोघींत तीन मीटर आडवे अंतर असावे, आणि जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे पाण्याची लाइन वर, गडर खाली. खोदाईचा खर्च वाचवायला ठेकेदार दोन्ही एकाच चरात घालतो. आपल्याकडे नळ चोवीस तास नसतो. पाणी बंद झाले की पाइप रिकामा होतो, आणि जोडावरच्या भेगेतून बाहेरचा ओलावा आत ओढला जातो. वरून आपण टुल्लू पंप लावतो. पंप नळातले पाणी ओढतो, त्याचबरोबर फुटक्या जोडाशेजारची गडरही ओढतो. पाणी आल्यावरच्या पहिल्या दोन बादल्या पिण्यासाठी भरू नका, आणि पंप नळाला थेट लावू नका. हे दुसरे सांगितले की बैठकीत बाया आमच्यावर रागावतात, कारण पंपाशिवाय पाणीच चढत नाही. राग खरा आहे. मग आधी खाली हौदात पाणी पडू द्या आणि पंप हौदाला लावा.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात गीयाँ-बारे म्हणजे जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले. हातपाय लुळे पडलेले, काही व्हेंटिलेटरवर. बरेचसे रुग्ण सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यातले होते. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू मिळाला, आणि चर्चा तिथल्या विहिरीच्या पाण्यावर आली. हा भाग कसा आहे? यातली कितीतरी गावे काही वर्षांपूर्वीच महापालिकेत आलेली. इमारती आधी उभ्या राहिल्या, पाण्याच्या आणि गटाराच्या सोयी मागून येत राहिल्या. प्लॉट महाग असला, इमारतीला लिफ्ट असली तरी पाण्याला फरक पडत नाही. तेव्हा हा फक्त गरिबांच्या वस्तीचा प्रश्न आहे असे कोणी म्हटले तर पुणे दाखवा.

आता कागद. लेआउटला मंजुरी देताना रस्ते, गटार, पावसाळी नाली, पाण्याची लाइन आणि दिवे या कामांच्या अटी घातलेल्या असतात. राज्यातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून एकच नियमावली लागू आहे, एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली. चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ही जागा बहुधा सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, नाल्याला लागून दाखवतात, कारण ती विकली जात नाही. आम्हाला यात वाईट वाटत नाही. पावसाचे पाणी घटकाभर थांबायला, जिरायला तीच जागा कामाची आहे. फक्त ती मोकळीच राहिली पाहिजे. त्यावर मागून कोणाचे तरी शेड उभे राहते, आणि खरे सांगायचे तर कधी ते आपलेच असते. विहार बांधायचाच असेल तर पाण्याची वाट सोडून बांधावा.

500 चौरस मीटरपेक्षा जास्त जमिनीवर आठपेक्षा जास्त प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराकडे नोंदणी लागते. त्या कायद्यात आतल्या विकासकामांत गटारे आणि नाल्या स्पष्ट मोजलेल्या आहेत. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत अशा सोयींत दोष दिसला तर विकासकाने कळवल्यापासून तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. नोंदणी क्रमांक जाहिरातीवर असतो. नसेल तर का नाही ते विचारा.

गुंठेवारीची गोष्ट वेगळी. नागपुरात 572 आणि 1900 हे आकडे उच्चारले की लोकांना कळते कोणत्या लेआउटांबद्दल बोलतोय. शेतमालकाने मंजुरी न घेता तुकडे पाडले, आपण घेतले, घर बांधले. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पूर्वीचे असे प्लॉट नियमित करायची सोय केली, 2021 च्या दुरुस्तीने ती तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. नियमित करताना विकास शुल्क भरावे लागते. ज्यांनी भरले त्यांची पावती पेटीच्या तळाशी पडलेली असते. ती काढा. शुल्क विकासाच्या नावाने घेतले आहे, मग आमच्या लेआउटच्या गडर लाइनचे काय झाले हा प्रश्न त्या पावतीच्या जोरावर विचारता येतो. एका कार्यालयात आम्ही वीस बायांच्या वीस पावत्या टेबलावर ठेवल्या. आधी दहा महिने "प्रस्ताव वर पाठवला आहे" एवढेच ऐकत होतो. त्या दिवशी साहेबांनी फाइल मागवली आणि फाइलमध्ये लेव्हलचा सर्व्हेच झालेला नाही हे आमच्यासमोर वाचले. लाइन अजून यायची आहे, पण सर्व्हे झाला.

ज्यांना प्लॉट घ्यायचा नाही, जे चाळीस वर्षांपासून एकाच वस्तीत आहेत, त्यांनीही शेजारच्या नव्या लेआउटवर डोळा ठेवावा. वरच्या अंगाचे शेत असते तेव्हा पावसाचे बरेच पाणी त्यात मुरते. तिथे सिमेंटचे रस्ते झाले, मुरूम टाकून जमीन तीन फूट वर आली, मधला ओढा बुजवला, की तेच पाणी खालच्या वस्तीत उतरते. वस्ती जुनीच असते, नालीही जुनीच, पूर मात्र नवा. काम सुरू असतानाच लेखी हरकत द्या. ओढा कुठून जात होता याचा पुरावा म्हणून गाव नकाशाची प्रत जोडा आणि मोबाइलने फोटो काढून ठेवा. घरे उभी राहिल्यावर कोणी ऐकत नाही.

प्लॉट पाहायला जायचे तर आषाढात जा. चैत्रात सगळे प्लॉट कोरडेच असतात. पाऊस थांबल्यावर दोन तासांनी पाणी कुठे उभे आहे ते पाहा, शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर ओलीची रेघ किती उंच आहे ते पाहा आणि त्या घरच्या बाईशी बोला. विकणारा सांगणार नाही ते ती सांगेल. गडर लाइन घातली आहे असे दाखवत असतील तर वरच्या चेंबरचे झाकण उघडायला लावा, बादलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ओता आणि खालच्या चेंबरपाशी घरातल्या पोराला उभे करा. निळे पाणी लवकर आणि एकदम आले तर लाइन चालू आहे. थेंब थेंब आले तर उतार नाही. आलेच नाही तर लाइन फक्त तोंडाशीच पुरलेली आहे. हेही आम्ही पाहिले आहे. मग शेवटच्या चेंबरपर्यंत चालत जा आणि त्याच्या पुढे पाइप कशाला जोडला आहे ते विचारा.

माहितीच्या अधिकारात अर्ज करायचा तर आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत लिहावे लागते, म्हणून गाऱ्हाणे लिहू नका, कागद मागा. असे लिहा: "मौजा अमुक, खसरा क्रमांक अमुक येथील लेआउटचा मंजूर नकाशा, मंजुरीच्या अटींची प्रत, मलवाहिनी व पावसाळी नालीचा आराखडा पातळ्यांसह, ही कामे पूर्ण झाल्याचा दाखला, आणि सदर लेआउटमधून जमा झालेले विकास शुल्क व त्यातून केलेला खर्च, यांच्या प्रती मिळाव्यात." दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्या घराला फी नाही, कार्डाची प्रत जोडावी. पोच घ्या आणि तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. आले नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील करता येते.